अलीकडे उंबरा, पलीकडे ताई

४ जून

टाचण्या,

परवा फोनवर तू काय बोललास त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी सारखी "काय? काय?" करत राहिले, तर तू चक्क फोन ठेवून दिलास. माझे कान गेलेत हे मला मान्य आहे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या लाईनी जोडल्या, त्याची ही बक्षिशी. पण शेजारीण बोलते त्यातलं निम्मंशिम्मं तरी मला कळतं. तुझं काहीच कळत नाही. शिवणकाम शिकायला लागलास तेव्हापासून तोंडात टाचण्या धरून बोलायची तुला खोड, त्यावरूनच तर तुला हे नाव पडलं. बहिणीशी बोलताना तरी त्या काढून ठेवाव्यात की नाही? तेव्हा आता फोन बंद. जे काय असेल ते पत्रात लिही.

आणि तेही जरा धड लिही. मागच्या पत्रात पहिल्या ओळीला तुझं अक्षर वाटाण्याएवढं होतं आणि खाली पोचेपर्यंत त्याची मोहरी झाली. भिंग घेऊन बसले तरी शेवटच्या ओळी लागल्या नाहीत. कापड वाचवायची सवय कागदाला लावू नकोस.

तुझ्या त्या गिऱ्हाईक बाईंनी पाठवलेला फोटो मिळाला. नवा कोट घालून त्या छान हसतायत, आणि तू शेजारी असा उभा आहेस की जणू कोट त्यांनी चोरून नेलाय. कुणावर रुसलायस एवढा? माझ्यावरच असशील. हे गेल्यापासून मी तुला सांगतेय, इकडे राहायला ये. तू एकटा, मी एकटी, दोन घरांत दोन कुकर कशाला लावायचे? मला काही तिकडे येता येत नाही. तीन जिने उतरायचे म्हणजे माझे गुडघे आधी रजा टाकतात. पण तुझे पाय चांगले दणकट आहेत. दर वेळी तू "बघू" म्हणतोस. यायचं नसेल तर नाही म्हण, म्हणजे मी वाट बघायची थांबेन.

ताई


१९ जून

ताई,

मुद्दाम रेघांच्या कागदावर लिहितोय. वर एक रेघ, खाली एक रेघ, मध्ये अक्षर नीट बसतं. ही युक्ती डॉक्टरीणबाईंची. हो, डॉक्टरकडे जाऊन आलो. तोंडात टाचण्या नव्हत्या गं. आवाजच बसलाय. अक्षर आपोआप बारीक होतं, ते मी मुद्दाम करत नाही. आणि फोटोत मी हसत होतो. मला तरी तसंच वाटत होतं.

कंपवात झालाय मला. पार्किन्सन म्हणतात तो. लगेच रडायला बसू नकोस, आधी पुढचं वाच.

मेंदूत खोलवर एक छोटी जागा असते, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं काहीतरी बनवतात. त्यानं हालचाल सुरळीत होते. मी विचारलं, म्हणजे मशीनला तेल घालतो तसं? बाई म्हणाल्या, तसंच समजा, फक्त तेलाची बुधली आतच असते आणि तुमची आटत आलीय. म्हणून अंग आखडतं, सगळं सावकाश होतं, उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरतो. का आटली म्हटलं तर म्हणाल्या, बहुतेकांच्या बाबतीत नक्की कारण सापडत नाही. कुणाच्या घराण्यात असतं, कुणाचा विषारी फवाऱ्यांशी संबंध आलेला असतो, वय तर असतंच. तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं.

तुला आठवतं, इस्त्रीखाली एका गिऱ्हाईकाचं जाकीट जाळून ठेवलं होतं मी, आणि घरभर धूर झाला तरी मला पत्ता नव्हता? ते ऐकून बाईंनी मान डोलावली. वास जाणं हे पुष्कळदा फार आधीपासून सुरू होतं म्हणे. म्हणजे मी उगाच त्या गिऱ्हाईकाच्या शिव्या खाल्ल्या.

गंमत पाहा. मशीनवर बसलो की पाय अजून झकास चालतात. पायपट्टीवर ठेवले की टकाटक टकाटक, पूर्वीसारखे. उठून उभा राहिलो की ते माझे राहत नाहीत. दारात तर हमखास अडकतात, तळव्याला कुणी खळ लावल्यासारखे. लहानपणी आपण विषामृत खेळायचो ना, कुणी "विष" म्हणून हात लावला की असेल तिथे थिजून उभं राहायचं, तसं होतं. तेव्हा तू धावत येऊन "अमृत" म्हणून पाठीत धपाटा घालायचीस आणि मी सुटायचो. इथे धपाटा घालायला कुणी नाही.

गोळ्या सुरू केल्यात. त्यांतूनच मेंदूत ते डोपामिन तयार होतं. रोग जात नाही, पण हालचाल सुधारते. गोळ्या लागू पडल्या की मी येतो. या वेळी "बघू" म्हणत नाही.

टाचण्या


२७ जून

टाचण्या,

पत्र वाचलं आणि रडले. तू सांगितलंस म्हणून थांबणारी मी नव्हे. मग तोंड धुतलं आणि फोटो पुन्हा काढून बघितला. आता तो रुसलेला वाटत नाही. तुला किती बोलले मी.

झालं ते झालं, आता मी सांगते ते ऐक. गोळी कधीही उपाशीपोटी घ्यायची नाही. आई काय म्हणायची? औषध पोटात एकटं गेलं की आतडी सोलून काढतं. म्हणून प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर दूध. नुसतं दूध नाही, सोबत पार्सल पाठवतेय त्या डब्यातली ताकदीची पावडर दोन चमचे घाल. नुसती प्रथिनं आहेत त्यात, शेजारणीचा जावई व्यायामाला जातो तो हीच घेतो. अंगात ताकद नसेल तर पाय उचलणार कुठून? चुकवायचं नाही. तुझ्यावर लक्ष ठेवायला मी तिथे नाही, म्हणून तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतेय.

इकडे मी ह्यांची खोली मोकळी केली. खाट खिडकीला लावलीय. तुझं मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवलं, उजेड डावीकडून हवा असतो ना तुला? शेजारणीला सांगून टाकलं की पुढच्या महिन्यात भाऊ येतोय, आता कायमचा.

तुझी ताई


२ ऑगस्ट

ताई,

मी आलो नाही हे तुला दिसतंच आहे. कारण लिहायला हात होत नव्हता, म्हणून एवढे दिवस गेले.

निघालो होतो गं. पिशवी भरली, शर्टाला इस्त्री केली, गाडीवाल्याला सांगून ठेवलं. तो खाली येऊन भोंगा वाजवायला लागला. मी पिशवी घेऊन दारापर्यंत आलो आणि उंबऱ्यापाशी विष लागलं. एक पाय उचलायचा, एवढंच काम होतं. माणूस झोपेतसुद्धा करेल. खालून भोंगा वाजतोय, मी मनात पायांना शिव्या घालतोय, आणि घाई जेवढी करावी तेवढे ते जास्त चिकटतायत. ओरडावं म्हटलं तर आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचेना. शेवटी गाडी निघून गेल्याचं ऐकू आलं. मी चौकट धरून उभा होतो, मग तिथेच खाली बसलो. पिशवी अजून तशीच भरलेली आहे, सोडावीशी वाटत नाही.

गोळ्यांचा म्हणावा तसा गुण येत नाही. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, तरी तेच. दूध मात्र एकदाही चुकवलेलं नाही. तिन्ही वेळा पेलाभर, तुझ्या पावडरीसकट. मला ते अजिबात आवडत नाही, पण पिताना तू समोर उभी राहून बघतेयस असं वाटतं, म्हणून घेतो. एक दिवस वैतागून गोळ्याच बंद कराव्या असं मनात आलं होतं. बाई चांगल्याच तापल्या. अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं म्हणाल्या. मेंदूत तार बसवायचं ऑपरेशनही असतं म्हणे, पण ते सगळ्यांना चालत नाही, आणि माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येतात आठवड्यातून एकदा. त्या म्हणतात, आपोआप चालायचा मेंदूतला रस्ता तुमचा बंद पडलाय, पण मुद्दाम बघून पाऊल टाकायचा रस्ता निराळा असतो, तो उघडा आहे. म्हणून जमिनीवर आडव्या रेघा मारा आणि एकेक रेघ ओलांडा. मी म्हटलं, जन्मभर कात्रीसाठी रेघा मारल्या, आता पायांसाठी मारू. माझ्याच खडूनं त्यांनी दारापर्यंत रेघा आखल्या. आणि काय सांगू, पाय उचलला गेला! त्या गेल्या आणि पाठोपाठ लादी पुसायला बाई आली. तिनं मन लावून सगळं स्वच्छ केलं. मला वाकून परत आखता येत नाही.

वाकण्यावरून आठवलं, आमचा पोस्टमन काही सुधारत नाही. वर यायचा कंटाळा, जिन्याच्या वळणावरूनच पत्र भिरकावतो. तुझी पत्रं उंबऱ्याशी पडतात आणि ती उचलायची म्हणजे मला सर्कस करावी लागते. त्याला एकदा खडसावायचंय, पण ऐकू कसं जाणार?

टाचण्या


१२ ऑगस्ट

टाचण्या,

इथे मी काय काय करून ठेवलं होतं ते आता लिहीत नाही. शेजारीण रोज विचारायची, आला का भाऊ? पहिल्यांदा म्हटलं, गाडी चुकली. मग म्हटलं, कामं आहेत. आता ती विचारत नाही, त्याचंच जास्त लागतं.

मला एक खरं सांग. गोळ्या घेतोस, दूध घेतोस, पावडर घेतोस, तरी गुण नाही म्हणजे काय? एक उंबरा माणसाला अडवतो हे मला पटवून घ्यायचं आहे, पण रात्री पडल्यावर पटत नाही. मशीनवर पाय चालतात आणि माझ्याकडे यायचं म्हटलं की चालत नाहीत, हे कसलं दुखणं? मी जन्मभर लोकांच्या लाईनी जोडून दिल्या. पलीकडचा माणूस घरात असून फोन उचलत नाही, हे मला रिंगच्या आवाजावरून कळायचं.

तुला नसेल यायचं तर मी समजू शकते. तिसऱ्या मजल्यावर एका बहिऱ्या म्हातारीची सोबत कुणाला हवी असणार? मी हल्ली रेडिओ लावून ठेवते. शब्द कळत नाहीत, पण घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. एवढं लिहायला नको होतं, पण आता खोडत बसत नाही.

दूध वाढव. चार वेळा घे.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

आता बराच बरा आहे. गोळ्या लागू पडल्या. हात पुष्कळ शांत आहे, खुर्चीतून एका दमात उठतो, शर्टाची बटणं मीच लावतो. काल एका गिऱ्हाईकाची पँट आखूड करून दिली आणि शिवण सरळ आली. आवाजही थोडा सुटलाय.

तुझा गैरसमज झालाय, पण तो पत्रातून कसा काढावा मला कळत नाही. मला यायचंय. जरा दम धर.

दूध रोज घेतो.

टाचण्या


११ सप्टेंबर

टाचण्या,

"दूध रोज घेतो." कधी घेतोस, ते नाही लिहिलंस. मी बहिरी असेन, पण कुणी काही गिळून बोललं तर मला कळतं. कागदावरसुद्धा कळतं.

माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन औषधाच्या दुकानाचे मालक स्वतः वर येतात. त्यांना तुझं सांगत होते, मोठ्या कौतुकानं, की मी भावाला पावडर कशी पाठवली आणि प्रत्येक गोळी दुधाबरोबर घ्यायला कशी लावली. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग ऐकू येत नाही म्हणून मी जवळ ठेवते त्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं त्यांनी. प्रथिनं आणि ती गोळी एकाच दारातून आत शिरतात. दोघं एकदम आली की प्रथिनं पुढे घुसतात आणि गोळी बाहेर उभी राहते. ती जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर तासाभरानं, पाण्याबरोबर घ्यायची असते.

म्हणजे सबंध दीड महिना तुला दारात उभं केलं ते मीच. गाडी चुकली ती माझ्यामुळे, डोस वाढवला तो माझ्यामुळे. आणि वर तुलाच बोल लावला, दूध वाढव म्हटलं. अमृत म्हणून धावत आले आणि विष लावून गेले.

तुला कधी कळलं? डॉक्टरीणबाईंनी विचारलंच असेल, गोळी कशाबरोबर घेता. तू मला वाईट वाटू नये म्हणून लपवलंस. एवढं सांभाळून घ्यायची वेळ यावी, इतकी मी परकी झाले का रे? तू दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आता तू तुझ्या डॉक्टरीणबाईंचं ऐक. माझी पत्रं तुझ्या काही उपयोगाची नाहीत, त्यांनी नुकसानच झालं. यापुढे मी लिहिणार नाही. खोलीला कुलूप लावलंय. खाट तशीच आहे.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

शिव्या हव्यात ना, घे. मूर्ख आहेस. वेडी आहेस. लहानपणापासून डोक्यावर पडलेली आहेस. झालं समाधान? आता पुढचं नीट वाच.

दुधाचं मला तुझ्या ऑगस्टच्या पत्रानंतर कळलं. चार पेले घ्यायचे म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारायला गेलो, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दूध आता झोपताना घेतो, गोळीपासून लांब. तुला लिहिलं नाही कारण त्या पेल्याशिवाय या घरात तुझं दुसरं काही नव्हतं. तेही चुकीचं होतं असं तुला कसं लिहू? माझ्या हातून चूक झाली म्हण हवं तर. डॉक्टरीणबाईंना न विचारता तुझं ऐकलं तो मी, तू कुठे मला धरून पाजत होतीस?

पण एक गोष्ट मी तुझ्यापासून खरंच लपवली. गोळ्यांनी सगळं सुधारलं, उंबरा नाही सुधारला. बाई म्हणतात, दारात पाय चिकटणं हे काही जणांचं गोळीनंही पूर्ण जात नाही. म्हणजे तुझ्या दुधाचा दोष संपला तरी मी दारातच होतो. हे लिहिलं असतं तर तू खाट आवरून ठेवली असतीस. म्हणून "जरा दम धर" लिहिलं आणि गप्प बसलो.

आता तुझं शेवटचं पत्र कसं आलं ते ऐक. खालच्या दुकानातून दोरा आणायला निघालो होतो. दार उघडलं आणि नेहमीसारखा उंबऱ्याशी खिळलो. जिना रिकामा, कुणी यायची आशा नाही. तेवढ्यात खालून पोस्टमनची चाहूल लागली, आणि त्यानं आपला वळणावरूनच हात फिरवला. तुझं पत्र घसरत आलं आणि बरोब्बर उंबऱ्यापलीकडे माझ्या पावलांसमोर आडवं पडलं. पांढरं पाकीट, त्यावर तुझं ते ठसठशीत अक्षर. मनात पहिला विचार आला, अरे, ताईच्या अक्षराला पाय लागेल! आणि ताई, पाय उचलला गेला. एक गेला, पाठोपाठ दुसरा. मी बाहेर होतो.

तिथे उभा राहून हसलो. या वेळी चेहऱ्यावर आलं की नाही माहीत नाही. मग परत ओलांडून आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. चार-पाच वेळा तरी केलं असेल. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ घरी जाताना थांबून बघत होते, त्यांना वाटलं असेल म्हातारा गेला कामातून. पत्राला पाय लागू दिला नाही, शपथ. मग कठडा धरून वाकलो, पत्र उचललं, आत येऊन फोडलं, आणि त्यात तू लिहिलेलं की माझी पत्रं तुझ्या काही उपयोगाची नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच पाकीट ठेवून बघावं म्हटलं. ते वाऱ्यानं जिन्यातून खाली गेलं. शेजारच्यांना सांगून काही ठेवता येईल, लादीवर आडवी चिकटपट्टीही मारता येईल, व्यायामाच्या बाई म्हणतात तसं. घराचं दार मी निभावून नेईन. पण पुढे गाडीचं दार आहे, स्टँडचं आहे, तुझ्या इमारतीचं आहे. तिथे माझ्यापुढे कोण काय टाकणार? आणि तू तर लिहिणार नाही म्हणतेस.

रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन उभा राहतो. काही येत नाही. मग भिंतीला धरून मागे फिरतो.

टाचण्या


९ ऑक्टोबर

टाचण्या,

शिव्या पोचल्या. वाचून बरं वाटलं, आणि मग ह्यांच्या खोलीचं कुलूप काढलं.

या मोठ्या पाकिटात आणखी पाकिटं आहेत. ती फोडू नकोस, आत काही लिहिलेलं नाही. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकात जाड पुठ्ठा घातलाय, आणि दोरा ओवलाय, म्हणजे ओलांडून झालं की न वाकता ओढून घेता येईल. वर तुझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात घातलंय, पाय लागायची भीती वाटली पाहिजे. एक घराच्या दाराला, एक गाडीला, एक स्टँडला, एक माझ्या इमारतीला. जास्तीची दोन, कुठे हरवलं तर. शेजारणीचा जावई तुला घ्यायला येतोय. त्याला सगळं समजावलंय. घाई करायची नाही, हात धरून ओढायचं नाही, फक्त पाकीट समोर टाकायचं आणि गप्प उभं राहायचं. जिने सावकाश चढ, प्रत्येक मजल्यावर बस. गोळी वेळेवर घे, पाण्याबरोबर. हे मी नाही सांगत, पाटीवरचं उतरवून काढलं.

एक पाकीट मात्र पाठवलेलं नाही. त्यात पत्र आहे, चांगलं लांबलचक. ते माझ्या उंबऱ्याच्या आत आडवं ठेवलंय. सकाळपासून मीच ते ओलांडून ये-जा करतेय आणि दर वेळी गुडघ्याला शिव्या घालतेय. तुला ते वाचायचं असेल तर अलीकडून वाकून उचलायचं नाही. पलीकडे यायचं, मगच वाचायचं.

दार उघडंच ठेवते. बेल वाजवलीस तरी मला ऐकू येणार नाही.

तुझी ताई